दाराचं वजन

गावडोंगरीच्या वर, जिथं काजूंची बाग संपते
आणि सरकारी कुंपण सुरू होतं,
तिथं आमच्या चार शेड.
पत्र्यांवर चुना मारलेला, उन्हाला परत पाठवायला.
सकाळी सव्वासहाला मी दिवा लावते
आणि दोनशे चाळीस माना एकदम वळतात
जणू माझ्याकडे काही बातमी आहे.

बातमी म्हणजे खाणं.
अ शेडला मका नि सोया, पुस्तकातल्यासारखं.
ब शेडला त्यातच काजूच्या बोंडांचा चोथा,
कुष्टा वेळीप तो भट्टीवाल्याकडून आणतो, गच्चीवर वाळवतो.
मे संपेपर्यंत आमच्या गणवेशांना फेणीचा वास,
चावडीच्या बसमधला कंडक्टर
तिकीट देताना जरा मागं सरकतो.

क शेडला तिसऱ्यांच्या शिंपल्यांचा चुरा.
सासू हसली होती. तुमचं सरकार आत्ता शिकतंय?
तळपणला तिच्या कोंबड्या माडाच्या आळ्यात
जेवणानंतरच्या शिंपल्या टोचायच्या,
आणि अंडं पायरीवरून घरंगळलं तरी फुटायचं नाही,
असं ती म्हणते. हे मी नोंदवलेलं नाही.
मी कवचाची जाडी मोजते, मिलिमीटरमध्ये:
शून्य पॉइंट तीन सहा. शून्य पॉइंट तीन आठ.
सासूचं बरोबर निघतंय.
प्रयोगाचे सहा आठवडे उरलेत,
तोवर घरी बोलणार नाही.

ड शेडमध्ये आम्ही खाणं मोजत नाही.
हवंसं वाटणं मोजतो.
डॉक्टर लविना कुलासोंनी एक दार करून घेतलंय,
गुडघ्याएवढं, वरच्या बिजागरीवर झुलणारं.
पलीकडे पेंढा घातलेली अंधारी खोकी.
दाराला कडी नाही, वजन आहे.
रोज शंभर ग्रॅम वाढवायचं
आणि बघायचं, कोंबडी कुठं थांबते.
थांबली तिथवर तिची गरज.

"आणि थांबलीच नाही तर?"
कुष्टानं पहिल्याच दिवशी विचारलं.
डॉक्टर हसल्या. तक्त्यात तसा रकाना नव्हता.

लाल मातीत लोळण्यासाठी
चारशेपर्यंत ढकलतात. दाण्यासाठी जास्त,
तेही भूक असेल तर.
नुसतंच पलीकडे काय आहे ते बघायला
दोघीच गेल्या, शंभरला, आणि लगेच परतल्या.

सत्तेचाळीस नंबर.
डाव्या पायात पिवळी पट्टी, वजन एक किलो सहाशे दहा,
स्वभाव: विशेष काही नाही.
पाचशेला गेली. सातशेला गेली.
अंडं यायच्या आधीचा तास असतो,
तेव्हा घशातून एक लांबच लांब आवाज निघतो.
पुस्तकात त्याला नाव आहे.
कुष्टा म्हणतो, गाऱ्हाणं घालतेय.

हजारला छाती लावली, घसरली,
पुन्हा लावली. पायांखालचा भुसा उडाला.
गेली.
अकराशे. गेली.
बाराशेला एक पीस दारात अडकून राहिलं,
ती गेली.
पितळी वजनांची पेटी रिकामी झाली.

दुसऱ्या दिवशी कुष्टा
चिऱ्याचा एक तुकडा घेऊन आला, सुंभानं बांधून,
काट्यावर तोलून, वर खडूनं आकडाही लिहून.
बिचाऱ्यानं मेहनत घेतली होती.
डॉक्टरांनी तो हातात घेतला, बघितला, खाली ठेवला.
मग वाकून
दार स्वतःच वर उचलून धरलं.

सत्तेचाळीस आत गेली.
आभार-बिभार काही नाही.
पेंढ्यात दोनदा गोल फिरली, बसली,
आणि तो आवाज थांबला.
शेडमधला पंखा तेव्हा मला ऐकू आला,
बहुतेक सकाळपासून चालू असावा.

"कमाल वजन" या रकान्यात मी लिहिलं:
वजनं संपली.
पंधरा दिवसांनी पणजीहून तांबड्या शाईत शेरा आला,
कृपया आकडा भरावा.

त्या दिवशीचं अंडं चोपन्न ग्रॅमचं होतं.
तो आकडा मी भरलाय,
शेजारच्या रकान्यात.